बायनाबाईचा बॅज

चौसाळ्याच्या गुरुपादअप्पांना फसवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. हे गावाचं मत नव्हे, खुद्द गुरुपादअप्पांचं. पण ते त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं होतं, की गावानंही ते वाद नको म्हणून मान्य करून टाकलं होतं.

अप्पांचं हायवेला लागून भांड्यांचं दुकान. भांडं हातात आलं की बोटाच्या पेरानं वाजवायचं. टणकन वाजलं तर अस्सल, बद्द वाजलं तर भंगार. ही परीक्षा नुसत्या भांड्यांपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण अप्पा कलिंगड वाजवत, नव्या घराची भिंत वाजवत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पाहुण्यांची चहाची किटली उचलून वाजवली आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "वरून पॉलिश हाय!" सोयरीक मोडली. फोनवर अनोळखी नंबर आला की "हॅलो" म्हणण्याऐवजी ते "बोल चोरा!" म्हणत. एकदा पलीकडे सख्खे मेहुणे होते. ते अजून घरी येत नाहीत.

अशा माणसाच्या घरात एका दुपारी बॅज शिरला.

त्याचं असं झालं. अप्पांच्या पत्नी शिवकांताबाई यांचं शिक्षण लग्नामुळे बारावीवरच थांबलं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, प्रणितानं, आईचं नाव एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला घातलं. जेवणं आटोपली की बाई माडीवर फोन घेऊन बसत. दुकान खाली, विद्यापीठ वर! अप्पांचं काही म्हणणं नव्हतं. पण त्या दुपारी बाई जिना उतरून धावतच खाली आल्या.

"अहो, मला बॅज मिळाला!"

"कसला?"

"'नित्यनेम' म्हणून हाय. एक दिवस खाडा न करता धडे बघितले म्हणून."

"दाव."

बाईंनी फोन पुढे केला. सोनेरी गोल, मधे समई, भोवती चांदण्या लुकलुकताहेत. अप्पांनी सवयीनं पेर वाकवलं आणि काचेवर मारलं. टच्च!

"वाजना की!"

"अहो, फोनमधला बॅज हाय त्यो. डिजिटल."

"मंजी हातात येत न्हाई?"

"न्हाई."

"मोडीत घालता येत न्हाई?"

"न्हाई!"

"मग दिला कावून त्यांनी?"

"हुरूप यावा म्हणून. लोकं अर्ध्यातच कोर्स सोडतेत, म्हणून आमच्या केदारनाथ सरांनी ही युगत काढली. समदे बॅज जमले की मगच परीक्षेला बसता येतं. माझा आता एकच ऱ्हायलाय. रविवारी चार ते पाच, फोनवर तोंडी परीक्षा. त्यो तास हुकला की वरीस गेलं. तवा मला हाक मारायची न्हाई, सांगून ठेवते!"

बाई हसत हसत वर गेल्या. अप्पा मात्र तिथंच उभे राहिले. फुकट बक्षीस? ते पण दिसणारं, न वाजणारं?

फुकट बक्षिसाचा गावाला अनुभव होता. मागे एक गाडी कर्णा लावून आली होती. कुपन खरवडा, बक्षीस घ्या! समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या अजिनाथला फ्रिज लागला. गाडी निघून गेल्यावर त्यानं खोकं फोडलं तर आत ताक घुसळायची रवी. तेव्हापासून अप्पांनी सिद्धांत मांडला होता : आधी बक्षीस, मग ओटीपी!

ते तडक अजिनाथकडे गेले.

"आपल्या घरात चोर शिरलाय."

"आँ! काय काय नेलं?"

"अजून काय न्हाई. सध्या देतोय."

अजिनाथला ते ताबडतोब पटलं. रवीचा घाव खोल होता. दोघांनी मिळून बेत केला. शिवकांताबाईंना काही बोलायचं नाही, त्या ऐकणार नाहीत. चोराला गळ टाकायचा. त्या वर्गात नव्या माणसाला पाहुणा म्हणून थोडे दिवस फुकट बसता येत होतं. हेही संशयास्पदच!

"पर बाप्याच्या नावानं न्हाई जमणार," अजिनाथ म्हणाला. "चोराला बाईमाणूस लागतं."

अप्पांनी इकडे तिकडे पाहिलं. समोर सकाळीच नाव टाकायला आलेली गिऱ्हाइकाची कळशी होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलं होतं : बायनाबाई. तेच फोनमध्ये टाकलं. पहिला धडा उघडला मात्र, टिंग!

'अभिनंदन, बायनाबाई! तुम्हाला "पहिलं पाऊल" बॅज मिळाला आहे.'

"बघ! बघ कशी लाळ गळायली!" अप्पा ओरडले.

"आता ओटीपी मागतील," अजिनाथ म्हणाला.

दोघं वाट बघत बसले. चहा झाला, दुसरा झाला. कोणी काही मागेना.

"मुरलेले हायत," अप्पा म्हणाले. "घाई करीत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी उलटतपासणी सुरू केली. वर्गात प्रश्न विचारायला एक फळा होता. त्यावर बायनाबाई तुटून पडल्या. बॅज कोणत्या धातूचा आहे? जुना झाल्यास बदलून मिळेल का? विद्यापीठाला मागचं दार आहे का? कोर्स चालू असताना विद्यापीठ पळून गेल्यास जबाबदार कोण?

आता गंमत अशी, की बॅज वाटणाऱ्या यंत्राला प्रश्न वाचता येत नव्हते, फक्त मोजता येत होते. टिंग! 'जिज्ञासू : रौप्य'. अप्पांनी चिडून आणखी प्रश्न झाडले. टिंग! 'जिज्ञासू : सुवर्ण'. म्हणजे अप्पा जितका संशय घेत तितकं बक्षीस येई, आणि जितकं बक्षीस येई तितका त्यांचा संशय वाढे. त्यात केदारनाथ सरांनी खाली लिहिलं, 'बायनाबाई, विद्यापीठ पळून गेल्यास जबाबदार कोण, हा अत्यंत मूलभूत प्रश्न आहे. यावर सर्वांनी चर्चा करावी.'

अप्पांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. शाळेत प्रश्न विचारला की त्यांना छडी मिळायची. इथे त्यांना कोणी 'मूलभूत' म्हणत होतं! त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि लगेच सावध झाले. चोर तारीफ करायला लागला होता!

पण दुकान उघडलं की आधी फोन उघडायची सवय लागली ती लागलीच. गिऱ्हाईक परात धरून उभं राही आणि अप्पा बोट वर करून म्हणत, "दम धरा. पाळत ठिवायलोय."

एका रात्री जेवताना शिवकांताबाई म्हणाल्या, "आमच्या वर्गात एक नवी आलीय. बायनाबाई म्हणून."

अप्पांच्या घशात भाकरी अडकली.

"काय प्रश्न इचारती म्हणता! सर म्हनले, असा विद्यार्थी लाखात एक."

"लई हुशार हाय का?"

"लई! नवऱ्याचा पाठिंबा असंल बाई तिला."

"आन् तुला न्हाई व्हय?"

"तुमी काय, बॅज वाजवून बघता."

अप्पा पाणी प्यायले. बायनाबाईचा त्यांना अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

चोर मात्र गळाला लागेना. शेवटी अप्पांनी फळ्यावर जाहीर लिहून टाकलं, 'भगिनींनो आणि बंधूंनो, फुकट बक्षीस म्हणजे सापळा. मी स्वतः चौकशी करत आहे. तोवर कोणीही काहीही दाबू नये. – बायनाबाई.'

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर लोक हसले असते. पण ही तर सुवर्ण जिज्ञासू! वर्ग थंडगार पडला. कोणी धडा उघडेना, कोणी चाचणी देईना. लोकांनी कोर्स सोडू नये म्हणून जी युगत काढली होती, तिच्याच भीतीनं लोक कोर्स सोडू लागले. एकट्या शिवकांताबाई हटल्या नाहीत. "बायनाबाई हुशार असंल तर असू दे," त्या म्हणाल्या. "मला रविवारी तोंडी द्यायचीय."

आणि शनिवारी सकाळी अप्पांच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

"बोल चोरा!"

"अं? नमस्कार. मी प्राध्यापक केदारनाथ बोलतोय, विद्यापीठाच्या बीडच्या अभ्यासकेंद्रातून. बायनाबाई आहेत का?"

अप्पांनी अजिनाथला हातानं जवळ बोलावलं आणि फोन दोघांच्या मधे धरला.

"मी तिचा मालक बोलतोय."

"बरं झालं! हे बघा, बायनाबाईंच्या मनात काही शंका आहेत. त्या दूर झाल्या नाहीत तर माझा अख्खा वर्ग बसेल हो!"

"तिचं म्हणणं एकच हाय. बॅज हातात पायजे. हितं, चौसाळ्याला, दुकानात आणून द्या. मग बघू."

"येतो. उद्या तीनला," सर म्हणाले.

अप्पांनी फोन ठेवला. "फसला! सांग मला अजिनाथ, कोणता खरा मास्तर रविवारी बॅज द्यायला गावोगाव हिंडंल?"

अजिनाथला हेही ताबडतोब पटलं.

रविवारी बरोबर तीनला एक मोटारसायकल दुकानापुढे थांबली. मांजरसुंब्याच्या घाटातली सगळी धूळ अंगावर घेऊन एक किडकिडीत गृहस्थ उतरले. हेल्मेट काढलं तर आत तितकंच टक्कल. त्यांनी पिशवीतून एक चकचकीत कार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. त्यावर सोनेरी गोल आणि खाली नाव : बायनाबाई.

"तुम्ही म्हणालात म्हणून छापून आणला."

अप्पांनी कार्ड घेतलं, पेर वाकवलं, वाजवलं. फट्!

"बायनाबाई कुठं आहेत?" सरांनी विचारलं.

"आत गोदामात. भांडी पुसायली."

सरांचा चेहरा एकदम हळवा झाला. "भांडी पुसता पुसता शिकतात!" असं म्हणत ते स्वतःच्या पायांनी गोदामात शिरले. मागून दार लागलं. कडी, कुलूप, किल्ली अप्पांच्या खिशात! इतका गुणी चोर अप्पांनी आजवर पाहिला नव्हता.

"आता कुणाला सांगू नको," ते अजिनाथला म्हणाले. "आधी समद्या बाजूनं इचार करू, मग पोलिसाला फोन."

अजिनाथनं कोणालाच सांगितलं नाही. फक्त हॉटेलात बसलेल्या लोकांना सांगितलं. थोड्याच वेळात दुकानापुढे ही गर्दी! कोण म्हणे वीजचोरी धरायला आलेला माणूस कोंडलाय. कोण म्हणे अप्पांचा होणारा जावई आहे, त्याला वाजवून बघताहेत.

तेवढ्यात चार वाजले.

माडीवर शिवकांताबाई इरकल नेसून, भस्म लावून फोनसमोर बसल्या होत्या. अप्पा जिन्याशी उभे होते. आज बायकोला हाक मारायची नाही, हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं.

वरून बाईंचा आवाज आला, "नमस्कार सर."

आणि वरून, फोनमधून, उत्तर आलं, "नमस्कार ताई."

तेच उत्तर गोदामातूनही आलं.

अप्पांचा कान साधा नव्हता. तीस प्रकारच्या परातींचा आवाज डोळे मिटून ओळखणारा कान तो! त्यांनी वर पाहिलं. मग गोदामाकडे पाहिलं. मग नुसतंच पाहिलं.

"सर," वर बाई म्हणाल्या, "तुमच्या मागं घंगाळ दिसायलंय."

"हो का? अंधार आहे जरा इथं."

"त्येच्यावरला पोचा वळखीचा वाटतोय."

"त्याचं काय आहे ताई, मी चौसाळ्याला एका विद्यार्थिनीच्या घरी आलोय. दार अडकलंय बहुतेक. पण आपली वेळ चुकायला नको म्हणून इथूनच सुरू केलं."

"कोण विद्यार्थिनी?"

"बायनाबाई."

अप्पांना स्वतःच्या घशातला आवंढा ऐकू आला. तो बद्द वाजला.

"तुमाला आत कुणी बसवलं सर?"

"त्यांच्या मालकांनी. जाड मिशी आहे बघा."

अप्पा चोरपावलांनी कुलपाकडे सरकले. किल्ली लावणार तोच माडीवरून आवाज कडाडला, "अहो! कुलपाला हात लावू नका!" मग तोच आवाज मऊ झाला, "सर, तुमी प्रश्न इचारा. आत्ता दार उघडलं तर गाव आत येईल, चहा होईल, बसा-उठा होईल आन् माझा तास जाईल. दाराचं मी मागून बघते. मालकाचंबी."

आता आली का पंचाईत! दार उघडावं तर बायकोचं वर्ष जातं, न उघडावं तर प्रोफेसर कोंडल्याचा गुन्हा. अप्पा गोदामाला पाठ लावून उभे राहिले. गर्दी पुढे सरकली.

"काढा बाहेर त्याला!"

"मागं व्हा!" अप्पा ओरडले. "आवाज करू नका!"

"पोलिसाला लावू का फोन?" अजिनाथनं विचारलं.

"थांब बे!"

"कावून?"

"परीक्षा चालू हाय."

"चोराची?"

"माझी," अप्पा म्हणाले.

पोलिसांचं नाव निघालं तसं सगळे कान टवकारून गप्प झाले. त्यामुळे गोदामातून सरांचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला, "समाजशास्त्राच्या दृष्टीनं सांगा, बाजारात माणूस माणसावर विश्वास कधी ठेवतो?"

"सर," वरून उत्तर आलं, "आमच्या मालकाचंच उदाहरण घेते."

पुढचा तासभर अख्ख्या गावानं गुरुपादअप्पांचं समाजशास्त्र ऐकलं. किटली आली, मोडलेली सोयरीक आली, मेहुणे आले. "संशयी माणूस फसत न्हाई असं न्हाई, सर," बाई सांगत होत्या, "त्यो फकस्त दुसऱ्याच्या हातून फसत न्हाई." गोदामातून सरांचा "वा!" आला. गर्दीतूनही दोन-तीन "वा!" आले. एक अजिनाथचा होता.

टिंग!

शेवटचा बॅज घेऊन बाई खाली आल्या. हात पुढे केला. अप्पांनी किल्ली दिली. कुलूप उघडलं आणि जाळीजळमटं लागलेलं टक्कल बाहेर आलं. नेमकी तेव्हाच मोहनराव आबांची पांढरी जीप येऊन थांबली.

आबा गावचे पुढारी. आपल्याशिवाय चौसाळ्यात गर्दी जमली म्हणजे ती विरोधकांनीच जमवली, असा त्यांना दाट संशय आला होता. त्यावर त्यांच्याकडे एकच इलाज असे. जीपमध्ये शाली, नारळ आणि फेटे कायम भरलेले. गर्दीच्या मधोमध जो उभा असेल त्याचा विरोधकांच्या आधी सत्कार करून मोकळं व्हायचं! केदारनाथ सरांना काही कळायच्या आत त्यांच्या अंगावर शाल आणि हातात नारळ होता.

"कोण हाय ह्यो?" आबांनी हळूच विचारलं.

"बॅजचं काय तरी हाय, आबा," अजिनाथ म्हणाला.

"तर मंडळी, बॅजच्या क्षेत्रातलं हे मोठं नाव!" आबा कडाडले. "आन् बॅज मिळाला कुणाला?"

सरांनी अप्पांच्या हातातलं कार्ड घेऊन वर धरलं. "बायनाबाईंना. पण त्या अजून दिसल्या नाहीत."

शिवकांताबाईंनी बोट केलं. "ह्या काय, हितंच उभ्या हायत."

सरांनी मिशीकडे पाहिलं. कार्डाकडे पाहिलं. पुन्हा मिशीकडे पाहिलं.

"'विद्यापीठाला मागचं दार आहे का?'... तुम्ही?"

"व्हय," अप्पा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले.

सर रागावले नाहीत. शिक्षक रागावला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर वर्ग बसला, आता तुमच्याच शब्दावर उठवा." तिथंच, भर गर्दीत, अप्पांना फोन काढून लिहावं लागलं, 'चौकशी पूर्ण झाली. माल अस्सल आहे. दाबायला हरकत नाही. – बायनाबाई.' टिंग! त्याचाही एक बॅज आला. तो काय आहे हे अप्पांनी बघितलं नाही. आबांच्या माणसांनी तोवर त्यांना फेटा बांधून फोटोही काढला होता.

त्या संध्याकाळी शिवकांताबाई एवढंच म्हणाल्या, "माझी परीक्षा होईस्तोर घरची भांडी बायनाबाई घासतील."

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण दोन दिवसांनी अप्पा माल आणायला बीडला निघाले. मांजरसुंब्याच्या चौकात गाडी थांबली आणि त्यांचं डोकं वर गेलं. दहा फुटी फ्लेक्स! वर हात जोडलेले मोहनराव आबा, आणि मधोमध फेटा बांधलेला, जाड मिशीचा, घामेजलेला गुरुपादअप्पांचा चेहरा. खाली मजकूर : 'चौसाळ्याची कन्या सौ. बायनाबाई यांनी उच्चशिक्षणात सुवर्णबॅज पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

अप्पांनी तिथूनच आबांना फोन लावला.

"आबा, नाव चुकलंय."

"कार्डावर होतं तेच टाकलंय की."

"मग फोटू चुकलाय."

"कार्ड ज्याचं, फोटू त्याचाच हाय. दोन्ही खरं हाय, मग चूक कुठं ऱ्हायली?"

आबांनी फोन ठेवला. अप्पा फ्लेक्सखाली उभे राहिले. धाब्यावरचे दोन ड्रायव्हर एकदा फ्लेक्सकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होते. ते तोंड फिरवून चहाकडे वळेपर्यंत अप्पा थांबले. मग हळूच पुढे झाले, पेर वाकवलं आणि फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीवर मारलं.

टणकन वाजली.

अस्सल होतं.